मुकादमाचा उजवा हात

३ फेब्रुवारी, मंगळवार

डबा उघडून दे म्हणतो. म्हणतो म्हणजे डाव्या हाताने झाकणावर टकटक करतो. अर्धांगाचा झटका येऊन अडीच महिने झाले, दादाच्या जिभेवर तीनच शब्द उरलेत — ‘नाही’, ‘बघ बघ’ आणि ‘च्यायला’. ‘हो’ म्हणायचं असलं तरी ‘नाही’च येतं. त्यामुळे चहा हवा का विचारणं म्हणजे छापा-काटा.

उघडला शेवटी. आत स्पंजच्या खाचांत माणसं झोपवलेली. अंगठ्याच्या पेराएवढी. फाटके कोट, तोंडाला फडकी, हातात बंदुका नाहीतर नळाचे तुकडे. जग बुडाल्यानंतरची माणसं म्हणे. छप्पन्न वर्षांच्या माणसाच्या बाहुल्या! आईने पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

एक उचलायला गेला. डाव्या हाताला सवय नाही. पडली, मान तुटली. दोघंही जमिनीकडे बघत बसलो.

‘च्यायला,’ दादा म्हणाला. अगदी स्पष्ट.

मुंडकं पलंगाखाली सापडलं. मी लॅबची पेटी काढली. दिवसभर लोकांच्या कवळ्या दुरुस्त करते, एक मान काय जड? दोन्हीकडे बारीक भोक पाडलं, मध्ये तारेचा तुकडा, थेंबभर गोंद. दादाने ती भिंगाखाली धरून पाहिली. बराच वेळ. मग भिंग खाली ठेवलं आणि डोळे मिटून बसला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मान टिकली. आज आणखी एक बाहुली माझ्यापुढे सरकवली — करडी, बिनरंगाची. म्हटलं, मला वेळ नाही. ‘नाही,’ तो म्हणाला. आता याचा अर्थ काय लावायचा?

८ फेब्रुवारी, रविवार

मास्तर आणि कंपाउंडर येऊन गेले. मास्तर शाळेत चित्रकला शिकवतात, कंपाउंडर एका डॉक्टरांकडे औषधं बांधून देतात. अकरा वर्षं दर रविवारी दुपारी हे दोघं दादाकडे खेळायला येतायत. आजारपणानंतर नुसते पलंगापाशी बसून जायचे. आज पहिल्यांदा टेबलाशी बसले.

मास्तरांनी मला खेळ समजावला. पाऊस थांबून चाळीस वर्षं झालीयत. शहर वाळूत गेलंय. टोळ्या तीन उरल्या — मास्तरांचे भंगारवाले, कंपाउंडरचे मुखवटेवाले आणि दादाचे पंपवाले, जे एक जुनं पंपघर राखून आहेत. टेबलावर पुठ्ठ्याच्या पडक्या इमारती मांडायच्या, टेपने मोजून माणसं पुढे सरकवायची, फासे टाकायचे, लढायचं.

‘बुद्धिबळच हो ताई,’ मास्तर म्हणाले, ‘फक्त यातला हत्ती गंजलेला.’

हसले मी. इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदा.

मग त्यांनी एक नियम सांगितला. एका लढाईतलं पुढच्या लढाईत पुसलं जात नाही. लंगडा झाला तो कायमचा लंगडा. आणि ते बाहुलीवर दिसलं पाहिजे — पाय कापायचा, कुबडी बनवायची, पुन्हा रंगवायचं. दादाच्या वहीत पहिल्याच पानावर नकाशे काढायच्या नोकरीत घोटलेल्या त्याच्या ठाशीव अक्षरात लिहिलंय : ‘अंगावर बेतलं ते अंगावर दिसलं पाहिजे.’

‘आणि मेला तर?’ मी विचारलं.

‘मेला तर मेला. डब्यात परत नाही. खिडकीत उभा राहतो.’

खिडकीत एकोणीस जण उभे आहेत. रोज त्यांच्यावरची धूळ पुसते मी. मला वाटायचं शोभेचे आहेत.

जाताना दारात मास्तर थांबले. ‘शेवटची लढाई राहिलीय, ताई. पंपघर कोणाचं, ते ठरायचंय. मुकादमाची दोन माणसं रंगवायची बाकी आहेत. तुमचा हात बारीक कामाचा आहे.’ मुकादम म्हणजे दादाच्या टोळीचा म्होरक्या. हे दोघं दादालाही मुकादमच म्हणतात.

मास्तरांना नाही कसं म्हणू? नोव्हेंबरातल्या त्या रविवारी ते आले, दार वाजवून वाजवून शेवटी फोडलं, म्हणून दादा जिवंत सापडला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पहिली बाहुली पूर्ण. नर्सबाई. पंपवाल्यांची जखमा शिवणारी. सहा संध्याकाळी गेल्या. कोट रंगवला, डोळे रंगवले, आणि दात — दातांवर तर मी जीव ओवाळून टाकला. लॅबमध्ये छटांची पट्टी असते ना, त्यातली तिसरी छटा लावली.

दादाने पाहिलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

मास्तर म्हणाले, ‘जग बुडालं, पाणी संपलं, आणि बाईंचे दात मात्र जाहिरातीतले.’

मग शिकवलं त्यांनी. नवं रंगवू नका, वापरलेलं रंगवा. हा माणूस हात कुठे पुसतो ते शोधा, तिथे कळकट करा. गंज वरून ओघळतो, म्हणून रंगही वरून खाली. ब्रश जवळजवळ कोरडा करून कडांवरून फिरवला की कापड जुनं दिसतं. स्वतःच्या शर्टाची बाही पुढे करून दाखवत होते — ‘हे बघा, खडूने खाल्लेली कड. असं.’ दादा शेजारी बसून ‘बघ बघ’ म्हणत होता. शब्द बरोबर जागी पडला एकदाचा.

दात पिवळे केले. दोन काढून टाकले. वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

लॅबमधून येताना एका जुन्या घड्याळाची चाकं उचलून आणली. बहिऱ्याच्या पाठीवरच्या यंत्राला लावली. बहिरा म्हणजे दुसरी बाहुली. दादाने डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. जोरात बसली. बरी वाटली.

४ मार्च, बुधवार

व्यायाम घ्यायला येते त्या मुलीने आज मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. ‘ताई, पाय सुधारेल. काठीने चालतील. उजव्या हाताची मात्र फार आशा धरू नका.’

मी म्हटलं, तीनच महिने झालेत. चेंडू दाबायचा व्यायाम दुप्पट करू. मधलं दार उघडं होतं.

६ मार्च, शुक्रवार

लॅबमधून आले तर दादा टेबलाशी बसलेला. पुढ्यात मुकादम. सगळ्यात जुनी बाहुली, दादाने अकरा वर्षांपूर्वी स्वतः केलेली — उजव्या हातात मोठा पाना उगारलेला, कपाळावर जखमेची खूण, एक कान नाही. प्रत्येक खुणेची लढाई वहीत लिहिलेली आहे.

शेजारी बारीक करवत काढून ठेवलेली. दादाने माझ्याकडे पाहिलं. मग मुकादमाच्या उजव्या खांद्यावर नखाने रेघ ओढली.

मी विचारलं, ‘कापू?’

‘नाही,’ तो म्हणाला आणि मान हलवली. होकारार्थी.

मी करवत उचलून कपाटात ठेवली. वरच्या फळीवर, त्याचा हात पुरणार नाही तिथे. म्हटलं, असलं काही करायचं नाही. तुझा हात बरा होणार आहे. चेंडू घे.

चेंडू त्याने खाली टाकला.

९ मार्च, सोमवार

तीन दिवस व्यायाम नाही, चमचा नाही, माझ्याकडे बघणं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून आहे. लहानपणी मी असंच रुसायचे आणि हा दाराआडून मांजराचे आवाज काढून मला हसवायचा. मला ते आवाज येत नाहीत.

११ मार्च, बुधवार

लिहून टाकते. कोणाला सांगितलेलं नाही.

त्या रविवारी सकाळी दहाला दादाचा फोन आला होता. मी केस धुवायला चालले होते. तिकडून नुसतं ‘अ… ब… अ…’ असं काहीतरी. मला वाटलं चेष्टा करतोय. फोनवर आवाज बदलून फसवायची त्याची सवयच — कधी बँकेतला माणूस, कधी म्हातारी. मी म्हटलं, ‘नीट बोलायचं असेल तेव्हा कर फोन.’ आणि ठेवला.

मास्तर तीन वाजता आले. पाच तास तो जमिनीवर होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, त्रास केव्हापासून सुरू झाला? मी म्हटलं, माहीत नाही.

डॉक्टर नंतर म्हणाले, लवकर आणलं असतं तर हात कदाचित वाचला असता. मी मान डोलावली. लोकांना वाटतं, बहीण किती करते भावाचं — आपलं घर बंद करून इथे येऊन राहिली.

१५ मार्च, रविवार

करवत खाली काढली.

मास्तरांना फोन करून सांगितलं, आज येऊ नका. दादाला टेबलाशी बसवलं. मुकादमाला लाकडी चिमट्यात आवळलं. खांद्यावर करवत टेकवली आणि हात पुढे सरकेना. तेव्हा सांगून टाकलं. त्याच्याकडे न बघता, चिमट्याकडे बघत. फोन मी ठेवला होता. मला वाटलं तू गंमत करतोयस. पाच तास तू माझ्यामुळे पडून होतास. हा हात माझ्यामुळे गेला.

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती घुरघुरून बंद पडत होती.

‘च्यायला,’ दादा म्हणाला. हळू. शिवीसारखं नव्हे.

मग त्याने माझा हात धरला, करवतीसकट, आणि पुढे ढकलला. मागे ओढला. पुढे ढकलला. दोघांनी मिळून कापलं. पांढरा भुसा पडला, मिठासारखा.

क्षमा केली की नुसता वेळ वाया घालवू नकोस म्हणाला, मला कळलेलं नाही. विचारून उपयोग नाही. ‘नाही’च म्हणेल.

१६ मार्च, सोमवार

नवा हात पुट्टीचा केला. दोन रंगांच्या पट्ट्या एकत्र मळल्या की दोन-तीन तासांत दगड होते. तारेवर चढवला, सरळ लोंबता ठेवला. दादाने ओली पुट्टी नखाने खरवडून काढली.

दुसरा केला. तोही काढला.

तिसऱ्या वेळी मी चिडले. म्हटलं, मग कसा हवाय? तेव्हा त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि टेबलावर, माझ्या दिव्याखाली आणून ठेवला. नमुना म्हणून.

तीन महिने त्या हाताला तेल लावतेय. आज पहिल्यांदा पाहिला. मनगट आत वळलेलं, अंगठा मुठीत दडलेला, जणू काही पकडून ठेवलंय. कोपर पोटाशी. करंगळीच्या नखावर अजून शाईचा डाग — झटक्याच्या आधीचा असेल का? इतके दिवस टिकतो का डाग? नाही टिकत. माझाच रंग लागला असेल.

मेणाच्या सुरीने बोटं कोरली. अंगठा मुठीत घातला. दादा श्वास रोखून बघत होता. झाल्यावर ‘बघ बघ’ म्हणाला आणि उठून — स्वतः, काठी घेऊन — पाणी प्यायला गेला.

२१ मार्च, शनिवार

मुकादम तयार. पाना आता डाव्या हातात दिला. उजवा हात गळ्यातल्या झोळीत — पुट्टी कागदासारखी लाटून केलेली. झोळीला मास्तरांची खडूने खाल्लेली कड रंगवली.

लॅबमधल्या मालकीणबाईंना फोटो दाखवला. म्हणाल्या, कवळीतही एवढं मन घालत जा. त्यांचंही खरंच आहे.

२९ मार्च, रविवार

लढाई. आणि फार वाईट दिवस.

सुरुवात चांगली होती. मास्तरांनी मुकादमाला तळहातावर घेतलं, बघत राहिले, चष्मा काढून पुसला. कंपाउंडर म्हणाले, ‘आमच्याही टोळीत असू द्या हो, असा एक तरी.’ मी दादाच्या शेजारी बसून टेप धरत होते. तो बोट दाखवायचा, मी माणसं सरकवायचे. फासे तो स्वतः टाकायचा, डाव्या हाताने, निम्मे खाली पडायचे.

दादा जिंकत होता. फारच जिंकत होता. मास्तरांचे भंगारवाले पुढे येत आणि मरत. मला खेळ नीट कळत नाही म्हणून मी खूश होते. मग मास्तरांचा म्होरक्या मुकादमासमोर आला. मास्तरांनी पडक्या इमारतीमागे फासा टाकला, पटकन उचलला आणि म्हणाले, ‘एक! घ्या, नशीबच फुटकं.’

दादाने हात पुढे केला. मास्तरांच्या मुठीतून फासा काढून घेतला. टेबलावर ठेवला आणि बोटाने फिरवत फिरवत पाच वर आणले. मास्तरांपुढे सरकवला.

‘अरे मुकादम,’ मास्तर म्हणाले, ‘मी आपलं —’

‘नाही,’ दादा म्हणाला. ‘नाही. नाही. नाही.’ या वेळी त्याचा अर्थ नाहीच होता. डाव्या हाताने त्याने सगळं टेबल झाडलं. इमारती, फासे, माणसं. बहिऱ्याच्या पाठीवरची चाकं निखळून कपाटाखाली गेली.

ते दोघे निघून गेले. मास्तरांना चप्पलही नीट घालता येईना. मी गुडघ्यांवर बसून माणसं वेचली. मुकादम शाबूत होता.

५ एप्रिल, रविवार

कोणी आलं नाही. दादा तीनपासून सहापर्यंत दाराकडे बघत बसला होता. मी फोन करू का विचारलं तर तोंड फिरवलं.

९ एप्रिल, गुरुवार

लॅबमधून आले तर मास्तर जिन्यात बसलेले. शाळेची पिशवी मांडीवर. ‘बेल वाजवायचा धीर होईना,’ म्हणाले. पन्नाशीचा माणूस, वर्गाबाहेर काढल्यासारखा बसला होता.

आत आले. दादासमोर उभेच राहिले.

‘पाच पडले होते,’ ते म्हणाले. ‘त्याआधीही तीन वेळा खोटं बोललो. कंपाउंडर एकदा. तू दारामागे पडलेला दिसलास ना, ते डोळ्यांसमोरून जात नाही माझ्या. वाटलं, एवढं तरी जिंकू द्यावं याला.’ पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘अकरा वर्षांत तू मला कधी एक फासा सोडला नाहीस. मी कोण तुला सोडणारा. चुकलं माझं.’

दादाने काठीने शेजारची खुर्ची बाहेर ओढली.

चहा केला. मास्तर कपाटाखाली पालथे पडून बहिऱ्याची चाकं शोधत होते आणि दादा वरून ‘बघ बघ’ करत होता. तीन मिळाली. चौथं नाही.

१९ एप्रिल, रविवार

खरी लढाई झाली. कंपाउंडरांनी आधीच जाहीर केलं, ‘सगळे फासे टेबलाच्या मध्यात, चार जणांच्या डोळ्यांदेखत.’

दया-माया नाही. पहिल्या अर्ध्या तासात नर्सबाई गेली. मला चटका बसला, माझी पहिली होती ती. मग बहिरा. मुखवटेवालेही संपले. कंपाउंडर हात झटकून खुर्ची मागे घेऊन बसले. शेवटी पंपघराच्या दारात एकटा मुकादम, डाव्या हातात पाना, आणि समोर मास्तरांचे चौघे. तीन डाव त्याने दार लढवलं. दादाच्या कपाळावर घाम होता. मी पुसायला गेले तर माझा हात बाजूला केला.

चौथ्या डावाला मास्तरांचा फासा पडला. सहा. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले, पण फाशाला हात लावला नाही.

वाचायला दादाला चार हवे होते. त्याने फासा मुठीत बराच वेळ खुळखुळवला. टाकला. दोन.

‘च्यायला!’ दादा ओरडला आणि हसला. तोंडाची एकच बाजू हसते आता, पण ती सगळी हसली. मास्तरही हसायला लागले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

मुकादमाला दादाने स्वतः उचललं, खिशात घातलं. काठीशिवाय, टेबलाला धरत, भिंतीला धरत खिडकीपाशी गेला. नर्सबाई आणि बहिऱ्याला मी ठेवलं होतं, त्यांच्या शेजारी उभा केला. अकरा वर्षं जगला तो.

मास्तर म्हणाले, ‘पंपघर आमचं. पण पाणी सगळ्यांना देऊ, काय?’

पुढच्या रविवारी नवी टोळी, नवी वही. म्होरक्या कसा असावा यावर तिघांचा वाद — दोघं बोलत होते आणि दादा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणत होता. मला म्हणाले, तुम्हीही एक टोळी घ्या. म्हटलं, बघू.

रात्री दादा स्वतःच्या हाताने जेवला. निम्मं सांडलं. मी माझं जेवत राहिले.

२६ एप्रिल, रविवार

मास्तर काल दुपारी गेले. शाळेत, पेपर तपासताना, खुर्चीतच.

कंपाउंडरांचा फोन आज सकाळी आला. मी गॅस बंद केला. मग दादासमोर जाऊन बसले आणि सांगितलं.

त्याने ओठ जुळवले. सुटले. पुन्हा जुळवले. मान ताणली, डोळे घट्ट मिटले. राहू दे दादा, मी म्हणणार होते. पाचव्या की सहाव्या खेपेला आला.

‘मास्तर.’

संध्याकाळपर्यंत तो तेवढंच म्हणत होता. दर वेळी आणखी स्पष्ट.